शोलापूरची हाक

"चौदा, पंधरा, सोळा," राजेशम गुंडेटी म्हणाले, आणि मी टेबलावरून पुढे झुकून हळूच उरलेलं अर्धं त्यांच्यापुढे सरकवलं, "...पूर."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, "सतरा."

दाराशी बसलेल्या त्यांच्या बायकोनं, नरसूबाईंनी, कपाळाला हात लावला. मीही लावला असता, पण मी पांढरा कोट घातला होता आणि त्या कोटाची थोडी अब्रू राखणं भाग होतं.

या गोष्टीला आता पंचवीसेक वर्षं झाली. वाचा-उपचाराची पदवी घेऊन मी नाशिकहून नुकतीच सोलापूरच्या एका रुग्णालयात रुजू झाले होते. क्ष-किरण विभागाच्या शेजारी मला एक खोली दिली होती, तिच्यात एक आरसा, चित्रांचे तक्ते आणि एक लोखंडी कपाट होतं. राजेशमकाका माझे तिसरे पेशंट. एसटीत जन्मभर कंडक्टर होते. निवृत्त होऊन वर्ष होतंय तोवर पक्षाघाताचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. पाय पुढे काठीच्या आधारानं सावरला, पण बोलणं परतलं नाही. ऐकलेलं सगळं कळायचं, मनात सगळं तयार असायचं, फक्त शब्द ओठापर्यंत यायचा नाही. अशा माणसाला आकडे मात्र ओळीनं म्हणता येतात, वारांची नावं येतात, पाठ असलेली आरती येते. जे जिभेला वळण पडून गेलेलं असतं ते वाचतं, आणि जे मनानं निवडून बोलायचं ते अडतं. काकांच्या बाबतीत निवडून बोलायचं म्हणून जे काही उरलं होतं, ते एकच अक्षर होतं. "शो."

तहान लागली, शो. पंखा बंद करा, शो. नरसूबाईंवर चिडले की तेच, फक्त जरा मोठ्यानं.

आता सोळामध्ये पूर मिसळायचा माझा खटाटोप कशासाठी होता ते सांगते. काकांचा मुलगा जनार्दन भिवंडीला यंत्रमागावर होता आणि वडिलांना तो कायमचं तिकडे न्यायला निघाला होता. माणूस वाईट नव्हता. झालं असं होतं, की काका एकदा दुपारी घरातून निघाले ते सवयीनं एसटी स्टँडवर गेले आणि समोर दिसलेल्या गाडीत बसले. ती निघाली तुळजापूरची. तिथं लोकांनी विचारलं, आजोबा, कुठले तुम्ही? हे म्हणाले, शो. एका भल्या गृहस्थानं त्यांना हाताला धरून सिनेमाच्या थिएटरवर नेऊन सोडलं आणि तीनचा शो सुरू व्हायची वेळ झालीय, असंही सांगितलं. रात्र व्हायच्या आत ते सापडले खरे, पण जनार्दननं त्याचा धसका घेतला. आई एकटी त्यांच्यामागे कुठं कुठं धावणार? तो माझ्या खोलीत येऊन उभ्या उभ्याच म्हणाला, "मॅडम, नायनांनी निदान आपल्या गावाचं नाव सांगितलं ना, तर मी त्यांना हलवणार नाही. नाही आलं, तर दसऱ्यानंतर माझ्याबरोबर."

नायना म्हणजे वडील. हे घर तेलुगू, पद्मशाली विणकरांचं, पण सोलापुरात पिढ्या गेलेल्या. जनार्दन गेल्यावर नरसूबाई माझ्या टेबलाशी आल्या.

"आमच्या ह्यांना भिवंडी नको ओ, म्याडम," त्या म्हणाल्या. "इथं रस्त्यानं निघाले की चार माणसं नमस्कार करालेत. तिथं त्यांना कोण ओळखतंय? चार भिंतीत कोंडल्यासारखं होईल बगा."

काका खाली मान घालून ऐकत होते. त्यांनी डाव्या हातानं टेबलाची कड घट्ट पकडली होती, एवढी की बोटं पांढरी पडली. त्या माणसाला काय हवं होतं हे मला त्या बोटांवरून कळलं, आणि मी मनाशी ठरवून टाकलं की हा एक शब्द मी यांच्या तोंडून काढणारच.

मग मी त्या गावाच्या नावाच्या हात धुऊन मागे लागले. सोळा गावांचं मिळून सोलापूर झालं, असं नरसूबाईंनी सांगितलं होतं, म्हणून सोळापर्यंत मोजायची ती युक्ती. सोळामधल्या ळचा गावात ल कधी झाला, हे विचारायच्या मनःस्थितीत मी नव्हते. आमच्या कन्नड बोलणाऱ्या सिस्टरनी सोळा गावं उडवूनच लावली. मूळ नाव सोन्नलगी, सिद्धरामेश्वरांचं गाव, असं त्या ठासून म्हणाल्या. क्ष-किरणवाले म्हणाले, मधल्या काळात संदलपूर होतं. गावाचं नाव कुठून आलं हे सांगायला प्रत्येकजण तयार होता. ते काकांच्या तोंडून कसं यावं, ते मात्र कोणाला ठाऊक नव्हतं.

काकांचा तो शो म्हणजे सोलापूरमधलाच सो आहे आणि तो चुकीच्या जागी फुटतोय, असा माझा तर्क. म्हणून मी आरसा पुढे धरून शोचा सो करायला बसले. जीभ दातांमागे, ओठ गोल. सोमवार, सोनं, सोलापूर. काका आरशात माझ्या जिभेकडे शहाण्या विद्यार्थ्यासारखे बघायचे आणि म्हणायचे, शो. नवरात्र बसलं तरी आमची गाडी तिथंच रुतलेली. एके दिवशी त्यांनी आरसा उचलला, टेबलावर पालथा घातला आणि वर आपला हात ठेवून बसले. आजचा धडा संपला, असा त्याचा अर्थ होता.

नेमके त्याच वेळी दस्तगीरचाचा केळी घेऊन आले. दस्तगीर शेख हे काकांच्या गाडीचे ड्रायव्हर. दोघांनी मिळून अर्धं आयुष्य एका गाडीवर काढलेलं. हैदराबाद, गुलबर्गा, विजापूर, पुणे. चाचांची नोकरी अजून थोडी उरली होती आणि ते आता विजापूरच्या फेरीवर होते. दाराशी उभं राहून त्यांनी माझं सोमवार-सोनं ऐकलं होतं.

"म्याडम, त्याचं काय चुकालंय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "सो यायला हवा, चाचा. हे शो म्हणतात."

"मग बरोबर बोलालाय की ओ त्यो," चाचा म्हणाले. "हैदराबादच्या स्टँडवर शोलापूरच म्हणाय लागतंय. तिथं सोलापूर म्हटलं तर गाडी रिकामी यायची. विजापूरला सोल्लापूर. पुण्याला सोलापूर. जसलं स्टँड तसली हाक. ह्याची हाक ऐकून झोपलेलं पॅसेंजर उठून गाडीत बसायचं." मग काकांच्या खांद्यावर हात ठेवून ते त्यांनाच म्हणाले, "हो का नाही रे, राजेशम?"

काकांचा चेहरा जसा उजळला, तसा मी इतक्या आठवड्यांत तो पाहिला नव्हता. ते बोटानं चाचांकडे दाखवत माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "शो. शो. शो."

शो हा माझ्या सोची मोडतोड नव्हता. ते हैदराबादच्या स्टँडवरचं, घरात तेलुगूतही चालणारं, शोलापूर होतं, आणि ते पहिल्या पायरीवरच अडकून पडलं होतं. हाकेलाही आरतीसारखंच जिभेचं वळण पडलेलं असणार. आयुष्यभर दिवसातून कितीदा तरी मारलेली हाक! मी चाचांना विचारलं, हाक मारताना ते काय करायचे? चाचांनी डावा तळवा उघडून माझ्या लोखंडी कपाटावर थाप मारली. थप थप थप. गाडीच्या पत्र्यावर अशी थाप आणि तोंडानं हाक. उजव्या हातात तिकिटांची पेटी असायची, म्हणून थाप नेहमी डावी. आणि काकांचा डावा हात शाबूत होता.

मी काकांना कपाटापाशी उभं केलं. त्यांनी थाप मारली. आत ठेवलेले तक्ते हादरले, शेजारचे क्ष-किरणवाले काय झालं म्हणून बघायला आले. "शो," काका म्हणाले. पुन्हा थाप, पुन्हा शो. पुढचं येत नव्हतं. मी त्यांना स्टँडवर न्यायचं म्हटलं, तेव्हा चाचा हसले.

"इथल्या स्टँडवर नेऊन काय करालाव?" ते म्हणाले. "सोलापुरात उभारून सोलापूर कोण ओरडतंय? इथं त्यो पुणे-पुणे ओरडायचा. गावाचं नाव घ्यायचं तर गावाच्या भाईर जावं लागतंय."

मी खुर्चीत बसले. एवढी सरळ गोष्ट! आपल्या गावात आपल्या गावाचं नाव घ्यायची वेळ कोणावर येते? काकांनी ते नाव जन्मभर परक्या स्टँडांवर घेतलं होतं आणि मी ते क्ष-किरण विभागाच्या शेजारी शोधत बसले होते.

दसरा झाला आणि जनार्दन आला. मी त्याला म्हटलं, एक दिवस दे, आणि आमच्याबरोबर विजापूरला चल. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्यावरच कोणीतरी उपचार करायला हवेत. पण नरसूबाईंनी त्याला तेलुगूत काहीतरी सुनावलं. ते मला कळलं नाही, त्याला मात्र चांगलंच कळलं असावं. सकाळी तो मुकाट्यानं स्टँडवर हजर होता.

चाचांची गाडी. काका कंडक्टरच्या सीटशेजारी बसले, तो मान त्यांनी कुणाला विचारून घेतला नाही. गाडीवर त्या दिवशी जो कंडक्टर होता तो त्यांना ओळखून होता, त्यानं आपण होऊन जागा करून दिली. भीमेचा पूल ओलांडला, पाट्यांवरची अक्षरं कन्नड झाली, आणि काका खिडकीला नाक लावून ती वाचू लागले. ओठ हलत होते. आवाज नव्हता. जनार्दन मागच्या बाकावर डोळे मिटून बसला होता. मी एका माणसाचं घर एका थापेवर लावलं होतं.

विजापूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा चांगलंच ऊन झालं होतं. लांबवर गोलघुमट दिसत होता. चारी बाजूंनी हाका चालल्या होत्या, इंडी, बागलकोट, हुबळी, आणि त्या गदारोळात काका काठी टेकत गाडीच्या दाराशी जाऊन उभे राहिले. कुणी सांगितलं नाही. चाचांनी वर चढून इंजिन चालू केलं. पत्रा थरथरू लागला. काकांनी काठी नरसूबाईंच्या हाती दिली, डावा तळवा उघडला आणि थाप मारली.

"शो," ते म्हणाले. थप थप. "शो."

कोणी वळून बघितलं नाही. बघणार कशाला? ते विजापूर होतं. जनार्दननं माझ्याकडे पाहिलं, त्या नजरेत राग नव्हता, कीव होती, आणि ती मला जास्त झोंबली.

तेवढ्यात डोक्यावर भाकरीची टोपली घेतलेली एक म्हातारी आली. तिनं गाडीच्या पाटीकडे पाहिलंही नाही. दाराशी उभ्या असलेल्या माणसाला विचारायचं, एवढंच तिला माहीत.

"सोल्लापुरक्क होगतदेनप्पा?" तिनं विचारलं. सोलापूरला जाते का रे बाबा?

काकांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचा कणा ताठ झाला. तळवा पत्र्यावर आदळला आणि त्याच झटक्यात छातीतून आवाज निघाला, लांब, चढा, शेवटी खाली उतरणारा.

"सोल्लापूर, सोल्लापूर, सोल्लापूर!"

म्हातारी गाडीत चढली. तिच्यामागून दोघं चढले, मग एक कुटुंब पोरांबाळांसकट. कुणालाच त्यात काही विशेष वाटलं नाही. नरसूबाई काठी छातीशी धरून रडत होत्या आणि चाचा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले होते. मी मात्र निर्लज्जासारखी हसत होते. आनंद लपवायला मला कधी जमलं नाही.

जनार्दन हसला नाही. त्याचेही डोळे भरले होते, पण तो हिशेबी माणूस. "मॅडम, ही सवयीची हाक झाली," तो हळूच म्हणाला. "पोपटसुद्धा करेल. उद्या रस्त्यात कुणी विचारलं, कुठले तुम्ही, तर सांगतील का?"

त्याचं खरं होतं. हाक आली म्हणजे बोलणं आलं असं नव्हे, हे माझ्या पुस्तकात त्याच्याहून स्पष्ट लिहिलेलं होतं. मी म्हटलं, "तूच विचार."

तो वडिलांसमोर जाऊन उभा राहिला. आपल्या भाषेत, अगदी सावकाश, त्यानं विचारलं की नायना, तुम्हाला कुठं राहायचंय? भिवंडी हा शब्द त्यात होता, तो मला कळला.

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. तळवा पत्र्यावर टेकलेला होता, पण त्यांनी थाप मारली नाही. हाकेचा सूरही लावला नाही. घरात बोलतात तसं, खालच्या आवाजात ते म्हणाले, "शोलापूर."

शो. पुढचा लापूर सगळाच्या सगळा. गर्दीत मिसळून गेलेली गोष्ट मला ऐकू आली होती. म्हातारीला सोल्लापूर, मुलाला शोलापूर. पोपटाला हे जमत नाही. समोर कोण आहे ते बघून या माणसानं शब्द निवडला होता. मी पुढे झाले.

"काका," मी मराठीत विचारलं, "कुठं जायचं?"

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्या नजरेत आरसा होता, सोमवार होता, सोनं होतं, आणि माझे सगळे आठवडे होते. मग त्यांनी जीभ दातांमागे नेली, ओठ गोल केले आणि माझ्यासाठी, खास माझ्यासाठी, एकेक अक्षर सुटं करून म्हणाले, "सो-ला-पूर."

वर बघून चाचा म्हणाले, "चला, बसा आता. गाडी भरली."

परतताना जनार्दन वडिलांशेजारी बसला. तो विचारत होता आणि ते सांगत होते. दर स्टॉपला तो त्यांना गावाचं नाव विचारायचा, आणि ते शोलापूर म्हणायचे. झळकीच्या स्टॉपला मात्र ते नुसतं त्याच्याकडे बघून मिश्किल हसले, झळकीचं नाव येत नाही म्हणून वेळ मारून नेत होते. मी बघितलं, पण बोलले नाही. झळकी शिकायला अजून वेळ होता.

जनार्दन भिवंडीला एकटाच गेला. निघाला तेव्हा आम्ही सगळे सोलापूरच्या स्टँडवर त्याला पोचवायला गेलो. काका त्याच्याबरोबर गाडीत चढले, आपल्या हातानं त्यांनी त्याची सीट झटकली, वर सामान नीट बसलंय ना ते दाबून पाहिलं. जनार्दन खाली वाकून पाया पडला आणि तेलुगूत बोलू लागला. नरसूबाईंनी खिडकीशी उभ्या असलेल्या मला त्याचा अर्थ सांगितला. तो म्हणत होता, मी तुम्हाला तुमच्या गावातून उचलून न्यायला निघालो होतो, माझं चुकलं.

काकांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. ओठ हलले, थांबले. मी खिडकीतून बघत होते, त्यांना काय म्हणायचंय ते सगळं तोंडावर होतं आणि शब्द नव्हता. मग ते वळले, काठीच्या आधारानं दारापर्यंत आले, पायरीवर उभे राहिले आणि डावा हात वर करून घंटीची दोरी दोनदा ओढली. टण. टण.

"जाऊ द्या," राजेशम कंडक्टर म्हणाले आणि उतरले.